केसांची टेस्ट नको, आधी एक वही काढा

पत्र: "माझा मुलगा सात वर्षांचा आहे. रोज सकाळी उठला की शिंकांचा सपाटा, नाक चोंदलेलं, डोळे चोळून चोळून लाल. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे लहानपणापासून एक्झिमा आहे. पळून आला की खोकतो. गेल्या वर्षी रक्त काढायला नेलं तर नस सापडेना, तिघांनी धरून ठेवलं, तेव्हापासून सुईचा असा धसका घेतलाय की दवाखान्याच्या दारातच रडायला लागतो. आता एका मैत्रिणीने केसांवरून ॲलर्जी सांगणारी टेस्ट सुचवलीय, केसांची बट पाठवायची आणि शेकडो पदार्थांचा रिपोर्ट येतो, अजिबात दुखत नाही. घरचे म्हणतात दूध आणि गहू बंद करून बघ, दूध मी आठवड्यापासून बंद केलंय पण. दोनदा अंगावर गांधी उठल्या होत्या, एकदा ताप होता तेव्हा आणि एकदा वाढदिवसाला काजू घातलेला केक खाल्ल्यावर, तेव्हा ओठही सुजला होता पण सिरप दिल्यावर उतरला. सुई न टोचता निदान होऊ शकतं का? आणि झालं तरी पुढे वर्षानुवर्षं इंजेक्शनं घ्यावी लागतात का?"

ताई, केसांच्या टेस्टचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण मैत्रिणीने सुचवलीय म्हणजे तुम्ही आज-उद्यात ऑर्डर करून मोकळ्या व्हाल अशी मला भीती वाटते. करू नका. ॲलर्जीत जे काही घडतं ते रक्तात आणि त्वचेत, नाकात, आतड्यात बसलेल्या पेशींमध्ये घडतं. शरीर एखाद्या निरुपद्रवी गोष्टीविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी बनवतं, ती मास्ट सेल नावाच्या पेशींवर जाऊन बसते, आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट अंगात शिरली की त्या पेशी फुटून हिस्टामिन सोडतात, मग शिंका, खाज, गांधी, सूज सगळं सुरू होतं. १९६६-६७ च्या सुमारास ही आयजीई सापडली आणि तेव्हापासून निदानाचा सगळा पाया तीच आहे. डोक्यावरून कापलेल्या केसात या पेशी नसतात, ही रिॲक्शनही त्यात होत नाही, त्यामुळे केसाला विचारून तो सांगणार तरी काय. हातात धातूची कांडी देऊन करंट मोजणाऱ्या किंवा हात दाबून ताकद बघणाऱ्या टेस्टचंही तेच.

आणि एक प्रकार असतो बोटातून थेंबभर रक्त घेऊन शंभर-दोनशे पदार्थांचं आयजीजी (ही वेगळीच अँटिबॉडी, आयजीई नव्हे) मोजणारा. तो जास्त फसवतो कारण त्यात खरंच रक्त असतं आणि खरंच लॅब असते. पण आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ माणूस खातोय एवढंच, युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की फूड ॲलर्जीच्या निदानासाठी ही टेस्ट वापरू नका. मग होतं काय, रोज दूध पिणाऱ्या मुलाच्या रिपोर्टमध्ये दूध लाल अक्षरात येतं, रोज पोळी खाणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये गहू येतो, आई घाबरते आणि वाढत्या वयात ताटातल्या चांगल्या चांगल्या वस्तू एकेक करून काढून टाकते. न दुखणारी टेस्ट म्हणून सुरू झालेली गोष्ट मुलाला पुढे वर्षभर रोज दुखवते, तीन वेळा, जेवताना. हे मला खूप लागतं म्हणून एवढं बोलले.

आता दूध. तो लहानपणापासून दूध पित असेल आणि पिऊन तास-दोन तासांत कधी गांधी, उलटी, सूज, घरघर असं काही झालेलं नसेल तर दुधाची झटकन येणारी ॲलर्जी त्याला नाही हे तुमच्याच घरात, रोजच्या रोज सिद्ध झालेलं आहे, त्याच्याइतकी पक्की टेस्ट कुठली लॅब करून देणार नाही. तर आठवडाच झालाय, परत चालू करा. एक्झिमा आहे म्हणून दूध-अंडं-गहू सरसकट बंद करणं हा सल्ला सगळीकडे मिळतो पण सात वर्षांच्या मुलाचा एक्झिमा बहुतेक वेळा खाण्याने होतच नाही, आणि एक्झिमावाल्या मुलाचा नीट पचत असलेला पदार्थ महिनोन्‌महिने बंद ठेवला तर काही मुलांमध्ये शरीर तो ओळखणं विसरतं आणि परत दिल्यावर खरीखुरी जोरदार रिॲक्शन येते. म्हणजे नव्हती ती ॲलर्जी आपण ओढवून घ्यायची. म्हणून बंद करण्याचा निर्णय हा सुद्धा औषधासारखाच डॉक्टरांना विचारून घ्यायचा.

पण तुमच्या पत्रातली जी ओळ मी परत परत वाचली ती तुम्ही जाता जाता लिहिलीय. काजूचा केक, गांधी आणि सुजलेला ओठ. शिंका, नाक, एक्झिमा, हे त्रासाचं आहे पण धोक्याचं नाही. हे मात्र मनावर घ्या. एक विशिष्ट पदार्थ खाल्ला, थोड्याच वेळात गांधी आणि ओठ सुजला, ही झटपट येणाऱ्या फूड ॲलर्जीची अगदी ठरलेली गोष्ट आहे. सिरपने उतरलं म्हणून हलकं होतं असं धरून चालू नका, पुढची रिॲक्शन मागच्यासारखीच असेल असा नियम नसतो. टेस्ट होईपर्यंत काजू पूर्ण बंद, आणि पिस्तासुद्धा बंद, कारण या दोन्हींतली प्रोटीनं इतकी सारखी असतात की एकाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना दुसऱ्याचीही असते. शेंगदाणे, बदाम वगैरे तो आधीपासून आरामात खात असेल तर ते घाबरून बंद करायची गरज नाही.

तापातल्या गांधींची एवढी काळजी नको. मुलांमध्ये गांधी उठायचं सगळ्यात कॉमन कारण साधं व्हायरल इन्फेक्शन असतं. फक्त एक आठवून बघा, त्या तापात अँटिबायोटिक चालू होतं का? कारण अशा वेळी कोणीतरी फाइलवर 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहून टाकतं आणि तो शिक्का जन्मभर राहतो, पुढे प्रत्येक इन्फेक्शनला महागडी आणि जास्त साइड इफेक्टवाली औषधं मिळत राहतात. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असा शिक्का असलेल्या लोकांची नीट तपासणी केली तर ९० टक्क्यांहून जास्त लोकांना ते व्यवस्थित चालतं. आणि इथे तर तुमच्या मनासारखी गोष्ट झालीय, नुसत्या गांधी उठल्या होत्या अशा कमी धोक्याच्या मुलांमध्ये आता सुई बिई न टोचता दवाखान्यात बसवून औषधाचा डोस तोंडानेच देतात आणि लक्ष ठेवतात, काही झालं नाही की शिक्का पुसला.

सुई न टोचता निदान होतं का, या तुमच्या मूळ प्रश्नावर येते. अर्धं अधिक निदान होतं, आणि ते तुम्हीच करणार आहात. एक वही घ्या (मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल) आणि दोन-तीन आठवडे लिहा. 'आज जास्त त्रास झाला' असं लिहून उपयोग नाही, असं लिहा: 'मंगळवार, सकाळी पावणेसात, डोळे उघडायच्या आधी अंथरुणातच शिंका, नाक वाहतंय, आंघोळ झाल्यावर कमी. शाळेत काही नाही. संध्याकाळी पळापळी, नंतर खोकला दहाएक मिनिटं, शिटीसारखा आवाज नाही. रात्री नीट झोपला.' अशी पाच-सहा पानं वाचली की डॉक्टरला चित्र दिसायला लागतं. अंथरुणातच शिंका सुरू होतात आणि बाहेर गेल्यावर थांबतात म्हणजे संशय गादी-उशीतल्या डस्ट माइट्सवर, म्हणजे धुळीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांवर. वर्षातल्या ठराविक महिन्यांतच वाढतं आणि बाहेर जास्त होतं तर परागकण. एखाद्या नातेवाइकाकडे मांजर आहे आणि तिथून आलं की डोळे सुजतात तर उत्तर तिथेच मिळालं. खाण्याचं असेल तर काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांनी काय झालं, आणि तोच पदार्थ त्याआधी किंवा नंतर कधी काही न होता खाल्लाय का, हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. गांधी उठल्या की फोटो काढून ठेवा, दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गायब होतात आणि मग वर्णन करत बसावं लागतं. पॅकेटबंद वस्तू असेल तर मागच्या लेबलचा पण फोटो.

ही वही एवढ्यासाठी की टेस्ट करायचीच झाली तर चाळीस गोष्टींची न होता चारच गोष्टींची होईल. मोठमोठ्या पॅनलच्या मी विरुद्ध आहे, सुया जास्त म्हणून तर आहेच पण त्याहून मोठं कारण हे की टेस्ट पॉझिटिव्ह येणं आणि ॲलर्जी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेस्ट फक्त आयजीई आहे का ते सांगते. आयजीई असूनही तो पदार्थ मजेत खाणारी खूप माणसं आहेत, आणि एक्झिमा असलेल्या मुलांमध्ये तर असे कागदावरचे पॉझिटिव्ह भरपूर येतात. संशय नसलेल्या पदार्थाची टेस्ट करणं म्हणजे नसती भीती विकत घेणं.

तुमच्या मुलासाठी मला काजू, पिस्ता, डस्ट माइट, आणि वहीत काही निघालं तर परागकण किंवा पाळीव प्राणी, एवढंच पुरेसं वाटतं. आणि यासाठी स्किन प्रिक टेस्ट. नाव ऐकून घाबरू नका, कारण ही कशी होते हे बघितलं की तुम्हीच म्हणाल की रक्त काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हाताच्या आतल्या बाजूला, मनगट ते कोपर या भागात पेनने छोट्या खुणा करतात, प्रत्येक खुणेशेजारी द्रावाचा एक थेंब ठेवतात, मग प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या बारीक टोकाने, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, थेंबातून त्वचेवर टोचल्यासारखं करतात. रक्त येत नाही, यायला नकोच. नखाचं टोक रुतावं एवढंच जाणवतं. एक थेंब हिस्टामिनचा असतो, तो फुगलाच पाहिजे, आणि एक नुसत्या सलाइनचा, तो फुगता कामा नये, या दोघांमुळे टेस्ट नीट झाली की नाही ते कळतं. १५ ते २० मिनिटं थांबायचं आणि मग फुगवटा पट्टीने मोजायचा, सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. खरा त्रास टोचण्याचा नसतोच, ती वीस मिनिटं खाजवायचं नाही याचा असतो, त्यासाठी त्याचं आवडतं काहीतरी बघायला घेऊन जा. फुगवट्याचा आकार ॲलर्जी असण्याची शक्यता किती ते सांगतो, रिॲक्शन किती जोरात येईल ते सांगत नाही, हे लोक कायम उलटं समजतात. चार्ल्स ब्लॅकली नावाच्या इंग्लिश डॉक्टरने दीडशे वर्षांपूर्वी स्वतःच्याच हातावर ओरखडा काढून त्यात परागकण चोळून बघितले होते, तिथून ही टेस्ट सुरू झाली, आणि आजही हिला तोड नाही.

फोन करून अपॉइंटमेंट घेताना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. एक म्हणजे प्रिक टेस्टच करणार ना, इंट्राडर्मल नाही ना, कारण इंट्राडर्मलमध्ये सुईने त्वचेच्या आत द्राव सोडतात, ते दुखतं, रिॲक्शनचा धोका जास्त असतो, आणि खाण्याच्या ॲलर्जीसाठी ती करतच नाहीत. दुसरं म्हणजे कुठली औषधं किती दिवस आधी बंद ठेवायची. सेटिरिझिनसारखी अँटिहिस्टामिनं, म्हणजे हिस्टामिनला अडवणारी औषधं, साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागतात नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते, आणि बऱ्याच सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्ये अँटिहिस्टामिन लपलेलं असतं, म्हणून बाटल्यांचे फोटोच दाखवा. दम्याचं औषध चालू असेल तर ते मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

अंगभर एक्झिमा उठलेला असला किंवा अँटिहिस्टामिन थांबवणं शक्यच नसलं तर रक्ताची स्पेसिफिक आयजीई टेस्ट हा पर्याय आहे, त्यात एकदाच सुई आणि औषध बंद करावं लागत नाही. काही नव्या चिप पद्धतीच्या टेस्टना ३० मायक्रोलिटर म्हणजे थेंबभर सीरम (रक्तातला पातळ भाग) पुरतं, बोटातून घेतलेलं रक्त चालतं, पण त्या शंभरावर प्रोटीनं एकदम तपासतात आणि मग परत तोच नको तेवढ्या पॉझिटिव्हचा घोळ, त्यामुळे तज्ज्ञाने मुद्दाम सांगितली तरच. काजूसाठी मात्र त्यातलं एकच प्रोटीन, एएनए ओ ३ नावाचं, वेगळं मोजता येतं आणि खऱ्या ॲलर्जीचा अंदाज त्यावरून चांगला येतो, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

पळाल्यावर येणारा खोकला तपासायला सुई लागतच नाही. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोरात फुंकायचं, सात वर्षांचा मुलगा आरामात करतो. पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं यंत्र, घरी ठेवता येतं. फेनो नावाची एक टेस्ट आहे, सहा ते दहा सेकंद एकसारखी फुंकर मारायची आणि श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजायचं, मुलांमध्ये २० पीपीबीच्या (अब्ज भागांत किती भाग, या मापात) खाली असेल तर श्वासनळ्यांत ॲलर्जीची सूज असण्याची शक्यता कमी आणि ३५ च्या वर असेल तर जास्त. कशाची ॲलर्जी ते ती सांगत नाही, पण औषध लागू पडतंय का हे बघायला फार सोयीची. हा खोकला तुम्ही दुर्लक्षित करू नका असं मी मुद्दाम सांगतेय, कारण दमा कंट्रोलमध्ये नसेल आणि सोबत फूड ॲलर्जी असेल तर रिॲक्शन जीवघेणी व्हायचा धोका वाढतो. पॅच टेस्ट पण बिनसुईची, पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तास ठेवतात, पण ती निकेल, सुगंधी द्रव्यं असल्या स्पर्शाने होणाऱ्या त्रासासाठी, तुमच्या मुलाला सध्या तिची गरज दिसत नाही.

टेस्ट निगेटिव्ह आली पण घडलेला प्रकार ॲलर्जीचाच वाटत असला, किंवा टेस्टवरून नक्की ठरेना, तर शेवटचा निकाल फूड चॅलेंजवर लागतो. दवाखान्यात बसून तो पदार्थ कणाएवढा, मग थोडा जास्त, मग अजून थोडा, असा वाढवत खाऊ घालतात, औषधं तयार ठेवून. सुई नाही पण जोखीम आहे म्हणून हे घरी कधीच करायचं नाही, काजूचं तर नाहीच नाही.

मुलाच्या भीतीबद्दल. 'काही दुखत नाही' असं त्याला सांगू नका, त्याने एकदा दुखलेलं अनुभवलंय, त्याला वाटेल आईपण खोटं बोलते. खरं सांगा, रक्त काढणार नाहीत, हातावर थेंब ठेवतील, थोडं टोचेल, मग खूप खाज येईल आणि मग संपलं. डॉक्टरांना आधीच सांगा की मागच्या वेळी काय झालं होतं. धरून ठेवायचं नाही, त्याला तुमच्या मांडीवर बसवा, छाती तुमच्या छातीला टेकलेली, एक हात मोकळा. आडवं पाडलं की मुलं जास्त घाबरतात. आधी तुमच्या हातावर एक करून दाखवा असं विचारा, बरेच डॉक्टर आनंदाने करतात. कुठला हात, थेंब मोजायचे की डोळे मिटायचे, हे त्याला ठरवू द्या. पुढे कधी रक्त काढायचं झालंच तर तासभर आधी लावायचं बधिर करणारं क्रीम मिळतं, ते मागून घ्या, आणि नस सापडेना तर दोन प्रयत्नांनंतर थांबा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गेल्या वर्षी जे झालं त्यात तुमची चूक नव्हती आणि त्याचीही नव्हती, अशा पद्धतीने ते व्हायलाच नको होतं.

उपचार निदानाची वाट बघत थांबवायचे नाहीत. नाकासाठी सलाइनने नाक धुणं, यात पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच पाहिजे, नळाचं थेट कधीच नाही. डॉक्टरांनी नाकातला स्टेरॉइड स्प्रे दिला तर स्टेरॉइड शब्दाला घाबरून कपाटात ठेवू नका, डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि बहुतेक काम नाकातच होतं. पण तो न चुकता, रोज मारावा लागतो, पूर्ण फरक पडायला दोन आठवडेही लागतात, आणि बहुतेक जण चुकीचा मारतात. मान मागे टाकायची नाही, जरा खाली झुकवायची, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्याच बाजूच्या कानाकडे, आणि मारल्यावर जोरात ओढायचं नाही. मधल्या पडद्यावर मारत राहिलं की नाकातून रक्त येतं आणि मग लोक म्हणतात औषध सोसत नाही. अँटिहिस्टामिन लागलं तर नव्या पिढीतलं, जुनी सिरपं झोप आणतात आणि शाळेत पोर पेंगतं.

अंथरुण: चादरी, उशांची कव्हरं आठवड्याला ६० अंश पाण्यात, गादी-उशीला माइट अडवणारी बंद कव्हरं, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर फार छान. यातलं एखादंच करून फारसा फरक पडत नाही, सगळं मिळून करावं लागतं. एक्झिमासाठी आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर चोपडायचं, दिवसातून दोनदा, डाग नसलेल्या जागी पण.

आणि इंजेक्शनांचं. ॲलर्जीची इंजेक्शनं, म्हणजे त्या गोष्टीची शरीराला हळूहळू सवय लावणारी, १९११ पासून आहेत, चांगली चालतात, पण आता डस्ट माइट आणि काही परागकणांसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आणि थेंब आहेत. पहिला डोस दवाखान्यात, अर्धा तास बसून, नंतर रोज घरी, साधारण तीन वर्षं. तोंडात खाज, घशात चुरचुर सुरुवातीला होते. आयुष्यभर नाही, आणि प्रत्येकाला लागतातच असंही नाही, स्प्रेने आणि अंथरुणाच्या काळजीने भागलं तर पुढे जायचंच कशाला. दमा कंट्रोलमध्ये असल्याशिवाय मात्र सुरू करत नाहीत.

एका सुईबद्दल मी तडजोड करणार नाही. काजूची ॲलर्जी पक्की ठरली तर घरात, शाळेत आणि प्रवासात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ हवं. मोठ्या रिॲक्शनमध्ये, म्हणजे श्वासाला त्रास, आवाज बसणं, परत परत उलट्या, एकदम गळून जाणं, सिरप जीव वाचवत नाही, ॲड्रेनलिन वाचवतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं, आणि उशीर करायचा नाही. इथेही चांगली बातमी आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत नाकात मारायच्या ॲड्रेनलिन स्प्रेला ३० किलो आणि वरच्या वजनासाठी मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये ४ वर्षांवरच्या, १५ ते ३० किलोच्या मुलांसाठी कमी डोसचाही आला. तुमच्याकडे मिळतो का ते डॉक्टरांना विचारा, मिळत नसेल तर पेनसारखं ऑटो-इंजेक्टर. दिल्यावर झोपवून पाय वर, श्वास लागत असेल तर बसवून, ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस, म्हणून कायम दोन जवळ ठेवायचे.

तर दूध आज सुरू करा, काजू-पिस्ता बंद असल्याचं शाळेत लेखी द्या, आणि ॲलर्जी बघणाऱ्या मुलांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट या आठवड्यातच घ्या, वही पूर्ण व्हायची वाट बघू नका, दोन पानं भरलेली असली तरी घेऊन जा. टेस्ट काय आली ते मला कळवा, रिपोर्ट समजला नाही तर तो पण पाठवा, आपण ओळ न्‌ ओळ बसून बघू.